सात जागा रिकाम्या असल्याबाबत

अर्जदार : प्रस्तुत लेखक, अर्जनवीस, तहसील कचेरीच्या भिंतीलगत, सोनपेठ.
ज्यांच्याविषयी : मन्मथअप्पा, वय अंदाजे पन्नास, राहणार आपल्याच दुकानामागच्या खोलीत, एकटे.
दुकानाची नावे, क्रमवार : मन्मथ पेंटर, मन्मथ आर्ट्स, मन्मथ फ्लेक्स, मन्मथ डिजिटल, आणि येत्या बाजाराच्या दिवसापासून मन्मथ क्रिएटिव्ह.
साक्षीदार : गफूरभाई, चहावाले.
विषय : नव्या नावाच्या फ्लेक्सला शुभेच्छुक मिळत नसल्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मन्मथअप्पांना माणसांची नावे लक्षात राहत नाहीत. फ्लेक्सवरच्या जागा तेवढ्या राहतात. रस्त्याने कोणी गेला की ते म्हणतात, "हे बगा, खालची वळ, डावीकून चौथे. गॉगलवाले." माझे सख्खे मेहुणे येलदरीहून माझ्या टपरीवर आले असता अप्पांनी हात जोडून त्यांचे स्वागत केले, "या या, वरची वळ, कोपरा!" फ्लेक्सवर आपण कोपऱ्यात का, यावरून मेहुण्यांचे पूर्वीच भांडण झालेले होते. ते चहा न घेताच परत गेले.

दुकानाचे नाव बदलण्याचे सर्व अर्ज आजवर मीच लिहिले आहेत. एक नगरपरिषदेला, एक विजेच्या कार्यालयाला, एक बँकेला, प्रत्येकाच्या तीन प्रती. माझी बोटे आता पूर्वीसारखी वळत नाहीत. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असे विचारले की अप्पांचे उत्तर ठरलेले असते.

"धंदा वाढायलाय, साहेब. नाव तोकडं पडायलंय."

जणू नाव म्हणजे शाळेतल्या मुलाची विजार. वाढीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. आधी ते दुकानांची शटरे रंगवीत. मग यंत्र आले, फ्लेक्स सुरू झाले. मग लग्नाच्या पत्रिका आणि मोबाईलवर फिरवायच्या वाढदिवसाच्या चित्रफिती. यंदा ड्रोन आला. तो पहिल्याच दिवशी कचेरीच्या कडुलिंबावर अडकला. झाडावर चढण्याची परवानगी मिळावी म्हणून मी सविस्तर अर्ज केला. परंतु तो मंजूर होण्यापूर्वीच वानरांनी ड्रोन खाली टाकला.

या वेळी ‘क्रिएटिव्ह’ या शब्दाला मी ‘कल्पक’ हा पर्याय सुचविला. अप्पा म्हणाले, "कल्पक म्हनल्यावर कुनाचं तरी पोरगं वाटतंय. ऱ्हाऊ द्या."

चहा घेऊन आलेले गफूरभाई म्हणाले, "अप्पा, नाम कित्ते भी बदलो, चाय तो आधा कपच पीते तुम."

अप्पांची कारागिरी वादातीत आहे. त्यांच्या यंत्रात एक निळा कोट आहे. कोणाचाही फोटो येवो, मानेखाली तो कोट बसतो. ज्यांनी जन्मात बंडीवर काही घातले नाही असे गृहस्थ चौकात कोट घालून उभे आहेत. काळ्यासावळ्यांना ते न मागता उजळ करतात. "आईनं बगितलं तर आईला बरं वाटावं," असे म्हणतात.

चूक एकदाच झाली. वाढदिवसाचा साचा घाईत श्रद्धांजलीला वापरला गेला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली घरच्या सहा जणांचे फोटो, त्यांवर मोठ्या अक्षरात ‘शुभेच्छुक’. घरचे दुकानावर चालून आले. माफीनामा मी लिहिला, अप्पांनी सही केली, फ्लेक्स नवा करून दिला. लोक गेल्यावर मला हळूच म्हणाले, "साहेब, तुमाला म्हनून सांगतो. त्यातले दोघं खरंच शुभेच्छुक व्हते."

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

गेल्या सोमवारी अप्पा नव्या नावाच्या फ्लेक्सचा नमुना घेऊन माझ्या टपरीवर आले. वर नाव झोकात होते. खाली ‘शुभेच्छुक’ असे लिहून आठ गोल काढले होते. आठही गोल पांढरे.

"फोटो कुठे आहेत?" मी विचारले.

"मागितले की. समदेच म्हनले, पाठवतो. पंधरा दिवस झाले. पुन्याचा भाऊ बी म्हनला, पाठवतो."

"गफूरभाई?"

"ते हासले. म्हनले, मेरा फोटो आधार कार्डवाला है, देखके गिऱ्हाईक भागेगा."

दुपार झाली होती. माझे अजून दोन वारसाचे अर्ज बाकी होते. मी म्हणालो, "अप्पा, तुमच्या यंत्रात अख्ख्या तालुक्याची तोंडे भरली आहेत. त्यातली आठ उचला आणि लावा. कोण विचारतो?"

अप्पांनी नमुन्याची सुरळी केली, पुन्हा उलगडली.

"असं कसं, साहेब? तोंड त्येंनी दुसऱ्याच्या शुभेच्छेला दिलंय. मला कुटं दिलंय?"

यावर कोणते कलम लागू होते, ते मी आठवून पाहिले. "मग गोल काढून टाका," मी म्हणालो.

"मग त्याला फ्लेक्स न्हाई म्हनत. पाटी म्हनतेत."

मी पेटी उघडली. फॉर्मसाठी ठेवलेला माझा एक फोटो होता, तो दिला. अप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला. नमुना माझ्या मेजावर पसरला, चारही कोपऱ्यांवर माझे शिक्के ठेवले आणि म्हणाले, "कुटं लावू? तुमीच सांगा. कुटलीबी जागा घ्या, समद्या मोकळ्याच हायत."

मी पहिल्या गोलावर बोट ठेवले.

सबब विनंती की, ज्या ज्या इसमाचे तोंड अप्पांनी कधीकाळी उजळ करून चौकात लावले आहे, त्याने आपला एक फोटो, राजीखुशीने, बाजाराच्या आदल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत दुकानी समक्ष आणून द्यावा. द्यावयाचा नसल्यास तसा स्पष्ट नकार लेखी कळवावा. ‘पाठवतो’ एवढेच म्हणून ठेवू नये. अप्पा ते खरे धरतात आणि मोबाईल समोर ठेवून बसून राहतात.

उत्तर मिळावे, ही विनंती.