माल तपासून घेतला

मला कोणी खराब माल विकून दाखवावा! मला पाहिलं की फळवाला पेटीतली उत्तम फळं आपणहून वर काढतो. आता गेल्या वेळी मी दूध न बघता घेतलं, संध्याकाळी ते नासलेलं निघालं आणि दुकानदार म्हणाला, "घेतानाच बोलायचं होतंत!" ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी बायकोची जेवणाची पहिली मोठी ऑर्डर होती, तिच्याच जुन्या ऑफिसची. जमलं, तर दर महिन्याचं काम पक्कं! तिला कढईसमोरून हलायला सवड नव्हती.

"अहो, आइस्क्रीम आल्या आल्या तपासून घ्या. दुधासारखं नको, पाया पडते!"

"अगं, तू निर्धास्त तळण काढ!"

गाडी आली. ड्रायव्हरने डबे उतरवले. "साहेब, सही."

"थांबा! आधी तपासणी!"

उजेड हवा म्हणून मी अंगणात भर उन्हात टेबल मांडलं. सगळी झाकणं उघडली. चष्मा लावून रंग पाहिला, वास घेतला, चमचा चमचा चाखलं. व्हॅनिला झकास! पिस्ता जरा संशयास्पद वाटला, म्हणून पुन्हा खाल्ला. मग तुलनेसाठी परत चॉकलेट. न्याय म्हणजे न्याय!

"साहेब, झाकणं लावा हो," ड्रायव्हर कळवळला.

"घाई करणारा माणूस काहीतरी लपवत असतो!"

शेवटी मी झोकात सही ठोकली, 'माल उत्तम' असंही लिहिलं. गाडी गेली. वळून बघतो तर पिस्त्यात उभा खोचलेला चमचा तळाला गेलेला!

मी तावातावाने दुकानात फोन लावला. "तुमचं आइस्क्रीम पातळ आहे!"

"सही केलीत तेव्हा कसं होतं?"

"एकदम घट्ट!" बोलून बसलो.

"मग पातळ तुमच्याकडेच झालं, साहेब."

तेवढ्यात बायको झारा घेऊन बाहेर आली. तिने डबे पाहिले, माझ्या मिशीवरचा पिस्ता पाहिला आणि मटकन खाली बसली. "घालवलंत हो सगळं!" तिचा आवाज इतका रडवेला होता की मी घाईघाईने मिशी पुसली. मग ती पदर खोचून उठली आणि तिने मिक्सर काढला. दूध, बर्फ आणि माझा तपासलेला माल!

ऑफिसात लोकांनी ग्लासवर ग्लास रिचवले. साहेबीणबाई म्हणाल्या, "दर महिन्याला हेच हवं! कसं केलंत हो?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "सोपं नाही. त्यासाठी घरात हे असावे लागतात."

तेव्हापासून तपासणीचं खातं कायमचं माझ्याकडे आहे. चमचा तेवढा बायकोकडे असतो.