ऑर्विलची एक नंबर बादली

पुंगळी निवडावी तर ऑर्विल टॉर्गरसननं! स्प्रूस फॉल्स गावात हे मत एकाच माणसाचं होतं, आणि तो माणूस म्हणजे स्वतः ऑर्विल टॉर्गरसन. पण त्याचा आवाज असा दणदणीत, आणि बाकीच्यांना वाद घालायचा असा कंटाळा, की दहाएक वर्षांत ते सगळ्या गावाचंच मत होऊन बसलं.

बंदुकीचं काडतूस उडालं की मागे प्लॅस्टिकची रंगीत पुंगळी उरते, बुडाला पितळेची वाटी असलेली. शहाणी माणसं ती फेकून देतात. स्प्रूस फॉल्सच्या नेमबाजी क्लबातली माणसं ती उचलतात, बुडातली जळकी टिकली काढून नवी बसवतात, दारू घालतात, छर्रे घालतात, तोंड घडी घालून मिटवतात आणि पुन्हा उडवतात. पुंगळी निरोगी असेल तर हा खेळ आठ-दहा वेळा चालतो. तोंडाशी चिरलेली असेल तर बार उडायच्या ऐवजी नुसतं फुस्स होतं, आणि हवेत भिरकावलेली मातीची बशी हसत हसत पलीकडच्या शेतात जाऊन पडते.

ऑर्विलनं सदतीस वर्षं चीजच्या कारखान्यात प्रतवारी केलेली. चीजच्या चाकासारख्या गोल लादीवर बोटानं टकटक करायची आणि आवाज ऐकून दर्जा सांगायचा, हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावर गावात टकटक करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, तेव्हा तो पुंगळ्यांवर घसरला. आधी तोंड चिमटीत दाबायचं, ते टणकन परत उघडतंय का बघायचं. मग कानाशी धरायची, मग नाकाशी. एवढं सगळं झालं की डोळे मिटून निकाल द्यायचा, "एक नंबर!" आणि पितळी बुडावर मार्करनं हिरवा ठिपका काढायचा.

"हिरवा ठिपका दिसला की बिनधास्त बंदुकीत घालायची," तो सगळ्यांना सांगे. "पुढची जबाबदारी ऑर्विलची!"

त्या साली या जबाबदारीला एकदम भाव आला. दुकानांत नवी काडतुसं मिळेनाशी झाली, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शेजारच्या हॅगन क्लबाशी वार्षिक सामना तोंडावर आला. सामना पाच-पाच जणांचा. गेल्या वर्षी स्प्रूस फॉल्स एका बशीनं हरलं होतं. ती बशी ऑर्विलची होती, हे त्याला सोडून सगळ्यांच्या लक्षात होतं. म्हणून कप्तान वेंडेलनं यंदा पाचवी जागा मार्सेलाला द्यायचं ठरवलं. मार्सेला गावात टपाल वाटायची आणि पंचविसातल्या चोवीस बशा फोडायची, तेही च्युइंगगम चघळत!

ऑर्विल वेंडेलच्या पशुखाद्याच्या गिरणीत जाऊन उभा राहिला.

"वेंडेल, काडतुसं कुठून आणणार?"

"तेच तर कळत नाही."

"क्लबाच्या सगळ्या पुंगळ्या वर्षभर मीच गोळा करतोय. त्यातल्या निवडक दीडशेच्या वर माझ्याकडे आहेत. नुसत्या पुंगळ्या नाहीत, मोती आहेत मोती! सगळ्या संघाची काडतुसं मी भरून देतो."

"आणि?"

"आणि पाचवी जागा माझी."

वेंडेलनं टोपी काढली, टक्कल खाजवलं, टोपी घातली. "एक जरी फुसकी निघाली ना ऑर्विल, तर पुन्हा संघाचं नाव काढायचं नाहीस."

"फुसकी?" ऑर्विल असा हसला की मागची दोन पोती हलली. "माझ्या हातची?"

आता या मोत्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ऑर्विलचा क्लबातल्या एकाही माणसावर विश्वास नव्हता. चांगली पुंगळी दिसली की लोक खिशात टाकतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण तो स्वतः टाकायचा. म्हणून त्यानं गॅरेजमध्ये एक जबरदस्त युक्ती केली होती. दोन बादल्या. एकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'एक नंबर', आणि तिच्यात सगळ्या चिरलेल्या, गंजलेल्या, जळक्या पुंगळ्या. दुसरीवर लिहिलेलं 'कचरा', आणि तिच्यात ते मोती! चोर आलाच तर 'एक नंबर' घेऊन पळेल आणि घरी जाऊन कपाळ बडवेल. या विचारानं ऑर्विलला कधी कधी जेवतानाही हसू फुटायचं.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी तो टीव्हीसमोर फुटबॉल बघत बसला होता. शेवटची चार मिनिटं, गुण बरोबरीत. अर्डिस, म्हणजे त्याची बायको, दारात येऊन उभी राहिली.

"ऑर्विल, चर्चच्या नाताळ बाजारासाठी आम्ही बायका दिव्यांच्या माळा करतोय. पुंगळ्यांच्या. गॅरेजमधला तुझा कचरा नेऊ का?"

"हं."

"सगळा नेऊ?"

"अगं ने ना! धर पळ, धर पळ! ने सगळा! पकड त्याला, गाढवा!"

यातलं पहिलं अर्डिसला होतं आणि शेवटचं टीव्हीतल्या खेळाडूला, एवढं तिला छत्तीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. तिनं बादली उचलली.

सामना दोन दिवसांवर आला तेव्हा ऑर्विल काडतुसं भरायला गॅरेजमध्ये गेला. यंत्र पुसलं, दारू काढली, छर्रे काढले. बादलीकडे हात नेला तर बादली नाही! तिच्या जागी झाडून लख्ख केलेली जमीन.

"अर्डिस! इथली बादली कुठंय?"

"कुठली?"

"कचऱ्याची!"

"अरे, तूच तर दिलीस चर्चला!" ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "आणि काय सांगू, आम्हा सगळ्या बायकांना नवलच वाटलं. कचरा इतका देखणा कसा! एकही फुटलेली नाही, सगळ्यांचं पितळ चकचकीत. लोरेटा म्हणाली, तुझा नवरा निवडण्यात भलताच कडक दिसतो. मी मनात म्हटलं, सदतीस वर्षं यानं कारखान्यात काय काय चांगलं चीज फेकून दिलं असेल!"

ऑर्विल छर्ऱ्यांच्या पोत्यावर बसला. "माळा... माळा कुठं आहेत आता?"

"खपल्या की! वीस-वीस पुंगळ्यांच्या आठ माळा, आठही एकाच माणसानं घेतल्या. नातींसाठी म्हणाला. फार सभ्य माणूस, टोपी काढून बोलत होता. शिकण्यासारखं आहे."

"नाव काय त्याचं?"

"बाजारात मालाला भाव विचारतात, माणसाला नाव नाही. का रे? हवी होती का तुला एखादी माळ?"

इथं खरं तर एकच काम करायचं होतं. फोन उचलायचा, वेंडेलला सांगायचं, "बाबा रे, घोटाळा झाला." पण मग पाचवी जागा मार्सेलाची! वर युक्तीची गोष्ट गावभर! बादलीवर कचरा लिहून सोनं ठेवणारा माणूस, आणि त्या युक्तीत सापडलेला पहिला आणि एकमेव इसमही तोच! ऑर्विलनं फोनकडे पाहिलं, मग 'एक नंबर' बादलीकडे पाहिलं, आणि ती बादली जमिनीवर पालथी केली.

निवड सुरू झाली. पहिली पुंगळी तोंडाशी चिरलेली. फेकली. दुसरीचं बूड गंजलेलं. फेकली. तिसरी चिमटीत दाबली तर दाबलेलीच राहिली, सुकलेल्या भेंडीसारखी. फेकली. अर्ध्या तासात ऑर्विलनं साठ पुंगळ्या फेकल्या आणि एकही निवडली नाही. प्रत्येक नियम कडक असून चालत नाही, असं त्याला तेव्हा प्रथमच वाटलं.

मग नियम सैलावले. गंज काय, पितळेला येतोच. फेकलेल्यांतल्या वीस परत आल्या. चीर एकच असेल तर ती चीर नव्हे, रेघ! आणखी तीस आल्या. जेवणानंतर दोन चिरांची पुंगळी 'अनुभवी' ठरली. चहानंतर तिच्या तोंडाला भोक असलं तरी चालू लागलं, फक्त ते शेजारच्या भोकाला मिळालेलं नको. संध्याकाळी पाच वाजता दीडशे पुंगळ्या भरून तयार होत्या. ज्या फेकायच्या त्याच सगळ्या, एकही कमी नाही.

राहिला हिरवा ठिपका. मार्कर अर्डिसनं बाजाराच्या पाट्या लिहायला नेला होता, म्हणून त्यानं नातवाच्या रंगपेटीतला हिरवा जलरंग घेतला आणि दीडशे बुडांवर दीडशे ठिपके काढले. पहिला ठिपका काढताना त्यानं दाराकडे एकदा बघून घेतलं. दहाव्याला नाही.

रविवारी मैदानावर घोटाभर बर्फ होतं. क्लबाच्या खोलीत हरणाच्या सॉसेजचा वास दरवळत होता आणि बाहेर माणसांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. बायकाही आल्या होत्या. पाचवी जागा गेलेली मार्सेला थर्मास घेऊन कुंपणाशी उभी होती, चघळत.

पाहुणे म्हणून हॅगनचा संघ आधी उतरला. त्यांचा कप्तान एल्रॉय, उंच आणि शांत. "सोड!" म्हणायचा, धाड! बशीची भुकटी. "सोड!" धाड! पाच जणांच्या बंदुका कशा कडक वाजत होत्या! सव्वाशेपैकी एकशे सतरा!

मग स्प्रूस फॉल्स. वेंडेलनं हिरव्या ठिपक्याचं काडतूस भरलं, खांद्याला बंदूक लावली.

"सोड!"

फुस्स!

छर्रे चार पावलांवर बर्फात सांडले. बशी आरामात शेतात गेली. पंचानं खेळ थांबवला, नळीत काही अडकलं नाही ना ते बघायला लावलं, आणि सांगितलं, "एका फेरीत प्रत्येकाला दोन फुसक्या माफ, बशी पुन्हा सुटेल. तिसरीपासून बशी गेली."

"थंडीनं होतं असं," ऑर्विल म्हणाला.

"त्यांच्याकडे उन्हाळा होता का?" वेंडेलनं विचारलं.

दुसऱ्याची फुस्स. तिसऱ्याची धाड, मग लगेच फुस्स. दर वेळी थांबा, नळी उघडा, डोळा लावा, पुढं चला. ऑर्विलची स्वतःची पहिली फुसकी निघाली तेव्हा हॅगनच्या माणसांनी सभ्यपणे तोंडं फिरवली. दुसरी निघाली तेव्हा फिरवली नाहीत. अर्धी फेरी होईतो सगळ्यांची माफी संपली होती, बारा बशा आख्ख्या शेतात पडल्या होत्या, आणि वेंडेलनं कपाळावरचा घाम पुसला तर कपाळ हिरवं झालं!

"हे काय रे?" त्यानं अंगठा बघितला. हिरवा. बाकीच्यांनी आपापले बघितले. हिरवेगार.

"ऑर्विल," वेंडेल हळू आवाजात म्हणाला, "तुझा ठिपका पुसला कसा जातो?"

ऑर्विलला एकदम खोकला आला. चांगला लांबलचक खोकला. तेवढ्यात एल्रॉय पुढं आला, हातात एक पेटी घेऊन. त्यानं टोपी काढली.

"वाईट वाटून घेऊ नका राव. कुणाचीही होते अशी फजिती. आमची उरलेली घ्या, मस्त भरलीत."

वेंडेलनं एक काडतूस उचललं, उलटं केलं. पितळी बुडावर हिरवा ठिपका! जुना, वाळलेला, जागचा न हलणारा.

"ऑर्विल, हा ठिपका तुझा ना?"

"अगंबाई!" कुंपणाकडून अर्डिस ओरडली. "हेच ते गृहस्थ! तुझ्या कचऱ्याच्या माळा नेणारे!"

"नमस्कार बाई!" एल्रॉय खुलला. "दिवे नातींना दिले, पुंगळ्या मी ठेवल्या. दिवा बसवायला तुम्ही बुडाची टिकली काढूनच ठेवली होती, माझं अर्धं काम झालेलं! पण एक सांगा, त्या निवडल्या कुणी? तीस वर्षांत अशी निवड पाहिली नाही. माणूस हिरा आहे!"

दहा वर्षं ऑर्विल हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट बघत होता. आणि आलं तर कधी! त्याची छाती सवयीनं फुगली, तोंड उघडलं, आणि चार हिरवे अंगठे आपल्याकडे वळलेले पाहून मिटलं.

"आमच्याकडच्या एकानं," वेंडेलनं उत्तर दिलं. "कचरा म्हणून दिल्या त्यानं त्या तुम्हाला. आणि कचरा आम्हाला दिला. मार्सेला, थर्मास ठेव. ऑर्विलच्या जागी तू ये."

एल्रॉयच्या काडतुसांवर मार्सेलानं ऑर्विलच्या वाट्याच्या उरलेल्या साऱ्या बशा फोडल्या. तरी सामना गेलाच, आणि गेल्या वर्षासारखा एका बशीनं नव्हे, चांगला पंधरा बशांनी.

जमिनीवर पडलेली पुंगळी यजमान क्लबाची, हा तिथला जुना नियम. पाहुणे गेले, माणसं सॉसेज खायला आत गेली, आणि ऑर्विल एकटा बर्फात वाकून पुंगळ्या वेचत राहिला. त्याच त्या, हिरव्या ठिपक्याच्या, त्याचे मोती! घरी आलेल्या लेकीला बघावं तसा तो एकेकीकडे बघत होता. त्यानं एक चिमटीत दाबली, कानाशी धरली, डोळे मिटले.

"एक नंबर!" तो पुटपुटला आणि हात खिशाकडे गेला.

"जमिनीवरची क्लबाची," मागून अर्डिस म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत एकेक बादली होती. "आणि क्लबाच्या पुंगळ्या आजपासून मी निवडायच्यात. वेंडेलनं आत्ताच सांगितलं. बघू."

तिनं पुंगळी घेतली, हातमोज्यानं पुसली, एकदा फिरवली आणि त्याला परत दिली. "गेलेली आहे ही. तोंडाशी चिरलीय."

"छट्!" ऑर्विलनं चष्मा वर केला, मग खाली केला. चीर होती. केसाएवढी, पण तोंडापासून पार अर्ध्यापर्यंत गेलेली.

"मग... कुठल्या बादलीत टाकू?" त्यानं पडेल आवाजात विचारलं.

"कचरा लिहिलंय त्या," अर्डिस म्हणाली. "आता जे बाहेर लिहिलंय, तेच आत असतं."