'येतो' म्हणाल्यास आत

गोरेगावात आमच्या रस्त्यावर जे बर्गरचं दुकान उघडलंय, तिथून 'येतो' म्हणून बाहेर पडणारा माणूस त्याच दारातून पुन्हा आत येतो. दाराचा काही दोष नाही. दार सांगितलेलं ऐकतं, इतकंच. 'बाय' म्हणणारे येतात, खातात आणि सुखाने घरी जातात. त्रास होतो तो आपल्या लोकांना.

आमच्या बाबतीत हा त्रास मी स्वतःच ओढवून घेतला, हे आधीच कबूल करतो. त्या दिवशी माझ्या मुलीचं बारसं होतं. बारावा दिवस, संध्याकाळी पाचचा मुहूर्त. माझी धाकटी बहीण वृषाली, म्हणजे मुलीची आत्या, सकाळच्या विमानाने नागपूरहून आली होती. नाव तिने ठरवलं होतं आणि तिच्याशिवाय ते कुणालाही माहीत नव्हतं, कारण आत्याने कानात सांगेपर्यंत नाव फुटू नये असा आमच्या आईचा कायदा आहे. घरात पाहुण्यांची खच्चून गर्दी झाली होती. आम्हा दोघांना फुलं आणायला पिटाळलं. येताना वृषाली म्हणाली, दादा, पोटात कावळे ओरडतायत, पाच मिनिटं इथे बसू.

दारातल्या मुलीने आमचं स्वागत इंग्रजीत केलं आणि माझं डोकं सणकलं. मुंबईत दुकान थाटायचं आणि चार शब्द मराठीत बोलायला जीभ जड होते का, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. आतून मॅनेजर आले. तांडेल नावाचे, काळी टोपी घातलेले, अत्यंत शांत गृहस्थ. मराठीत नोंद करू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं करा, चांगली ठळक अक्षरांत करा. त्यांनी रजिस्टर काढलं आणि केली.

बर्गर उत्तम होता. खोटं कशाला बोलू? सॉस कोपरापर्यंत ओघळला. वृषालीने दोन हाणले. साडेतीनला आम्ही उठलो, 'बरंय, येतो' म्हणालो, दार उघडलं, आम्ही बाहेर पडलो आणि आत आलो. मला वाटलं, खाणं जास्त झालं. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. तिसऱ्या खेपेला दारातल्या मुलीने आमचं स्वागत मराठीत केलं.

मग तांडेलांनी खुलासा केला. आपण मराठीत आहात, आपण 'येतो' म्हणालात, त्यामुळे आलात. मी म्हटलं, अहो, आपल्यात तसं म्हणायची पद्धत आहे. ते म्हणाले, पद्धत मलाही ठाऊक आहे, पण दाराला अर्थ तेवढाच कळतो. 'निघतो' म्हणून बघू का, असं वृषालीने विचारलं, तर त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. तिथे मिराशी नावाचे एक पेन्शनर उभे होते. ते मंगळवारपासून 'निघतो' म्हणत होते. 'निघतो'ला दार अर्धंच उघडतं. त्यांचा एक पाय फुटपाथवर होता आणि एक पायपुसण्यावर, बाकी प्रकृती ठीक होती.

आमची नोंद इंग्रजीत बदलून द्या म्हटलं, तर तांडेलांनी ठळक अक्षरं दाखवली. ती खोडता येत नाहीत. काहीच न बोलता सटकावं, तर दार हलतसुद्धा नाही. सांगून न जाणाऱ्या माणसाला आपणही सोडत नाही, असं ते म्हणाले. हा काही कंपनीचा नियम नव्हता. ते त्यांना घरून लागलेलं वळण होतं.

राहिला एकच शब्द. वृषालीने तो उच्चारायला साफ नकार दिला. घरी बाळ पाळण्यात घालायचं आणि मी तोंडातून असलं अभद्र काढू का, म्हणाली. तिचंही बरोबर होतं. पण ती पोचली नाही तर मुलीच्या कानात नाव सांगणार कोण? चार वाजत आले होते. शेवटी म्हटलं, मी पुढे होतो, घरी सगळ्यांना विचारून काही मार्ग काढतो. दारापाशी गेलो, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणालो, "जातो."

दार सताड उघडलं आणि मी खरोखरच रस्त्यावर आलो. मागे काचेतून तांडेल रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे काहीतरी लिहिताना दिसले. ते 'गेले' असं लिहीत होते. लगेच माझ्या बायकोच्या, शलाकाच्या मोबाइलवर दुकानाचा मेसेज गेला. श्री. विनय दिघे आमच्याकडून समाधानाने गेले.

मी तिला फोन लावला.

"शलाका, मी बोलतोय."

"विनय, तू गेलास," ती हुंदके देत म्हणाली.

"अगं, मी रस्त्यावर उभा आहे."

"असशील. पण इथे लेखी आलंय."

ती माझ्यासाठी इतकी रडतेय हे ऐकून मला मनातून बरं वाटलं, खोटं का सांगू. मग उपासनी गुरुजींनी फोन घेतला. त्यांनी माझ्याशी फार आदराने बोलून सांगितलं की लेखी आलं आहे म्हणजे सुतक लागलं. दहा दिवस बारसं नाही. पुढे पितृपक्ष, त्यापुढे त्यांना स्वतःला काशीला जायचंय, तेव्हा दिवाळीनंतर बघू. तोवर मुलीला काय म्हणायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, आत्ता तुमच्या मातोश्री 'ए' म्हणतायत, तेच चालू ठेवा.

बारा दिवसांची पोर, तिला नाव नाही, आणि तेही बापाने एक शब्द बोलल्यामुळे. मी विचारलं, गुरुजी, गेलेला माणूस परत आला तर? फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. शेवटी ते म्हणाले, "आल्याची नोंद झाली तर सुतक फिटेल. पण मग आलात तिथेच राहा. सारखं जाणं-येणं पंचांगात बसत नाही."

मी दाराकडे वळलो, 'येतो' म्हणालो आणि आत आलो. तांडेलांनी 'गेले' या शब्दाशेजारी 'पुन्हा आले' असं लिहून शिक्का मारला. घरी दुसरा मेसेज गेला. आता बाप आणि आत्या दोघंही बर्गरच्या दुकानात, तेव्हा बारसं तिथेच आणणं भाग होतं.

पावणेपाचला शलाका बाळ घेऊन आली. मागोमाग आई, गुरुजी, चौदा पाहुणे आणि घुगऱ्यांचा डबा. आत येताना इंग्रजीत नोंद करा, म्हणजे नंतर सुटाल, असं मी सगळ्यांना फोनवर बजावलं होतं. आईने ऐकलं नाही. नातीच्या बारशाला मी बाय म्हणणार नाही, असं तिने दारातच सांगितलं. मग आईसमोर इंग्रजीत जायची कुणाची हिंमत होईना.

दोन टेबलांच्या मधे साडीची झोळी बांधली. एक टोक सुटायला लागलं ते मिराशींनी धरलं, नाहीतरी ते उभेच होते. तीन पिढ्यांच्या बायका जमल्या, पाळणा म्हटला. स्वयंपाकघरातले लोक टोप्या काढून बाहेर येऊन उभे राहिले. वृषाली वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' केलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. नाव निघालं रेवा. घड्याळात बरोबर पाच वाजले होते. मला इतका आनंद झाला की मी गुरुजींना मिठी मारली.

तांडेलांनी रजिस्टर उघडून विचारलं, नाव काय म्हणालात? मग त्यांनी अक्षर न् अक्षर जपून लिहिलं. 'कु. रेवा विनय दिघे, आल्या.'

घुगऱ्या वाटून झाल्या. पाहुणे उठले, चला, येतो आम्ही म्हणाले, गेले, आले आणि बसले. कुणी फार तक्रार केली नाही. गुरुजींनी चीज घातलेला मागवला.

वृषालीचं परतीचं विमान आठ वाजता होतं. दर वेळी ती अशीच धावतपळत येते आणि आई तिच्यामागे राहा गं एक दिवस, राहा गं, करत जिन्यापर्यंत जाते. आजही वृषालीने बॅग उचलली, आईच्या पाया पडली आणि दारात जाऊन अडखळली. तिच्या ओठांवर तो दुसरा शब्द आला होता. मला दिसला.

"येते म्हणावं," आई म्हणाली.

"येते, आई," वृषाली म्हणाली. बॅग घेऊन बाहेर पडली आणि बॅग घेऊन आत आली.

आईने ताटातला बनचा तुकडा घेतला, पाण्याच्या ग्लासासकट तिच्यावरून ओवाळून दाराबाहेर टाकला.

"किती दिवसांनी आलीस गं," ती म्हणाली आणि तिला आत घेतलं.