वगळलेला ससा

लेखकाची बायको परगावी होती आणि मुलीला अक्कलदाढ काढायला जायचं होतं. त्यामुळे नातीला दुपारी झोपवायचं काम लेखकावर आलं. "जमेल ना, बाबा?" मुलीने निघताना विचारलं. "तिला फक्त एक गोष्ट लागते." चप्पल घालून झाल्यावर तिने पुन्हा तेच विचारलं.

बालसाहित्याच्या पुरस्कारांनी ज्याचं कपाट भरलं होतं, त्याला हा प्रश्न! लेखक हसला, पण ते त्याला लागलंच. मुलगी लहान असताना तो बंद खोलीत गोष्टी लिहीत होता. जगाची पोरं त्याच्या पुस्तकांनी झोपली, घरची तेवढी राहिली. आजची संधी त्याला दवडायची नव्हती.

"एका डोंगरावर एक अस्वल राहायचं," त्याने सुरुवात केली. "त्याचा मित्र होता एक ससा." नातीने अंगठा तोंडात घातला. डोळे जड झाले. सगळं झकास चाललं होतं, पण लेखकाला डोंगर पटेना. कागदावर तो प्रत्येक सुरुवात खोडून खोडून लिहायचा, आणि खोडलेलं कोणाला दिसत नसे.

"थांब हं, डोंगर नको. अस्वल नदीकाठी राहायचं."

नातीने एक डोळा उघडला. "डोंगर कुठे गेला?"

"काढला."

"काढून कुठे ठेवला?"

लेखक घाईने गोष्टीत पुढे सरकला. नदी आली म्हणून होडी आणावी लागली. अस्वलाच्या वजनाने होडीत दुसऱ्याला जागा उरली नाही. शिवाय सशाला कथेत तसं कामही नव्हतं. "असं समज, ससा नव्हताच."

नात उठून बसली. "मी पाहिला होता."

मग शोध सुरू झाला. उशा खाली आल्या, कपाट रिकामं झालं, पलंगाखाली धूळ सापडली. लेखकाने दुसरा ससा देऊ केला, पण तिला तोच हवा होता. त्याने पुरस्कार मिळालेलं पुस्तक पुढे केलं. नातीने ते उलटं धरून झटकलं, आणि त्यातूनही ससा पडला नाही तेव्हा तिने भोकाड पसरलं.

मुलगी गाल सुजवून आली तेव्हा खोलीत चालायला जागा नव्हती. "मी अस्वलाच्या गोष्टीतला ससा वगळला," लेखकाने खालमानेने कबूल केलं.

ती नातीशेजारी आडवी झाली. अर्धा ओठ बधिर, दाढेच्या जागी बोळा, शब्द निम्मे गिळलेले. तरी ती गोष्ट सांगू लागली आणि नात गप्प झाली. ससा अस्वलाच्या दाराबाहेर बसला होता. अस्वल आत फार कामात होतं. कंटाळा येऊ नये म्हणून ससा स्वतःलाच गोष्टी सांगायचा, हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"कुठे वाचलीस ही?" लेखकाने विचारलं.

"कुठेच नाही. तुमच्या दाराबाहेर बसून बाहुलीला सांगायचे."

या गोष्टीतलं काहीच बदलावंसं लेखकाला वाटलं नाही. तो जमिनीवर बसला. नात केव्हाच झोपली होती.

"मग? उघडलं का अस्वलाने दार?"

"ती झोपली, बाबा. आता कोणासाठी सांगू?"

"माझ्यासाठी."

मुलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. काही सांगायला तोंड उघडलं आणि कळवळून गाल धरला. भूल उतरली होती. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत बोलायला मनाई केल्याचं तिने खुणेनेच सांगितलं, आणि कूस बदलली.

लेखक तिथेच बसून राहिला. संध्याकाळ व्हायला बराच वेळ होता.