बबनदादांची हाळी

पाण्यात कयाक, म्हणजे एकट्यापुरत्या चिंचोळ्या होड्या, ढकलायच्या आधी बबनदादा खिशात खडे टाकतात. माणशी एक. आम्ही तिघं असलो तर तीन खडे. परत आलेला माणूस काठावर उतरला, की खिशातला एक खडा काढून पाण्यात भिरकावतात. खिसा रिकामा होईपर्यंत कुणालाही चहा मिळत नाही.

"तिघंच तर आहोत दादा, खडे कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"शंभराची सवय हाय मला," ते म्हणाले. "तीनच असली का जास्त चुकतं."

शंभर म्हणजे मेंढरं. मढजवळ धरणाच्या काठावर बबनदादांचं घर आहे. सारा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघे कुरकुरायला लागल्यावर मेंढरं विकली. मग मुलाच्या डोक्यात पर्यटनाचं खूळ शिरलं, त्यानं चार कयाक आणल्या आणि एका हंगामात कंटाळून तो चाकणला कंपनीत निघून गेला. कयाक मागं राहिल्या. दादांनी त्या मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात नेऊन ठेवल्या. रोज संध्याकाळी त्या आत आहेत ना, हे बघून फाटक लावतात. "एक पिवळी जरा वांड हाय, पाण्याकडं लई ओढ घेती," असं मला त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलंय.

माझं कळंबला औषधांचं दुकान आहे. सहा दिवस लोकांचे खोकले ऐकल्यावर रविवारी मला फक्त शांतता हवी असते. पाणी, गळ, कणकेचा गोळा आणि कुणी न बोलणं. या माफक अपेक्षेनं मी मढला जायला लागलो आणि बबनदादांच्या तावडीत सापडलो.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. मेंढरं जशी खुणेवरून ओळखायची, तशी माणसं. मी 'मेडिकल'. राजुरीचा एक टोमॅटोवाला शेतकरी येतो, तो 'टमाटू'. पुण्याहून एक कॉम्प्युटरवाला मुंडावळ्यांसारख्या दोऱ्या लोंबणारी टोपी घालून येतो, तो अर्थात 'टोपी'. इतके दिवस झाले, आता आम्हीही एकमेकांना याच नावांनी हाका मारतो. टोपीचं खरं नाव मला खरंच माहीत नाही.

पाण्यात गेल्यावर दादांचा वेश बघण्यासारखा असतो. अंगात लाईफ जॅकेट, त्यावर घोंगडी, आणि वल्ह्याच्या जोडीला मेंढरं वळायची काठी. ही काठी पाण्यात काय कामाची, हे विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. मोबाईल काठावर पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, हा दुसरा नियम. आणि तिसरा नियम म्हणजे हाळी.

दर थोड्या वेळानं दादा छाती भरून घेतात आणि "मेऽऽडिकल!" अशी हाळी घालतात, की पलीकडच्या डोंगरावरून 'डिकल, डिकल' परत येतं. मी "ओऽऽ" म्हणायचं. मग "टमाऽऽटू!" मग "टोऽऽपी!" ओ मिळाली नाही, तर ओ मिळेपर्यंत. आता मला सांगा, ज्या पाण्यात असा माणूस ओरडतो, तिथं कुठला मासा थांबेल? एकदा माझ्या गळाला चांगली मरळ टोचत होती. दोरी ताणली, मी श्वास रोखला, आणि "मेऽऽडिकल!" मरळ गेली ती गेलीच. मजा म्हणजे दादांना मात्र दर रविवारी रोहू मिळतो. ते ओरडून मासेसुद्धा आपल्याकडं वळवून घेतात, असं टमाटूचं ठाम मत आहे.

"दादा, हळू आवाजात नाही का जमत?" मी काकुळतीला येऊन म्हटलं.

"हळू घातलेली हाळी कुणासाठी असती राव?"



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी पाण्यावर असं धुकं होतं की स्वतःच्या कयाकचं टोक दिसेना. दादांनी तीन खडे खिशात टाकले, "लांब जायचं न्हाई, ओ द्यायची," असं दोनदा बजावलं आणि आम्ही पांगलो. एक हाळी झाली. दुसरी झाली. मग छान शांत झालं. मी गळ टाकून बसलो. इतकी शांतता मला त्या पाण्यावर कधी मिळाली नव्हती. थोड्याच वेळात गळाला जड काहीतरी लागलं. कटला मासा होता, निदान तीन-चार किलोचा. मी हळूहळू दोरी ओढत होतो, मनातून खूश होतो, आणि अचानक लक्षात आलं की हाळी येऊन फार वेळ झालाय.

मी गळाची दोरी कापून टाकली. कटल्याचं दुःख मला आजही आहे, पण त्या क्षणी झालं नाही.

"टमाटूऽऽ! दादा दिसतात का?"

"न्हाई वो! मला वाटलं तुमच्याकडं हायेत!"

टोपीलाही दिसत नव्हते. सत्तरीकडं झुकलेला माणूस, पाणी थंडगार, पोहायला येतं की नाही तेही आम्ही कधी विचारलं नव्हतं. आणि तेव्हाच मला कळलं, की खिशात खडे फक्त तीन असतात. त्यांचा चौथा खडा कधीच नसतो. ते आम्हाला मोजतात, त्यांना कुणी मोजत नाही.

मी छाती भरून घेतली आणि जन्मात पहिल्यांदा हाळी घातली. "बबऽऽन दादाऽऽ!" आवाज फाटला. डोंगरावरून माझाच आवाज परत आला. आणखी एक. ओ नाही. तिसऱ्या हाळीला तर मला रडूच येत होतं, आणि हे मी लपवत नाही.

"ओऽऽ!"

अगदी जवळून. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या बाभळीच्या शेंड्यांमागं, माझ्यापासून वीसेक हातांवर, दादा घोंगडी पांघरून निवांत बसले होते. काठी मांडीवर आडवी.

मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. औषधाच्या दुकानात असले शब्द वापरत नाहीत. बोलून बोलून दमल्यावर विचारलं, "ऐकू येत नव्हतं?"

"येत व्हतं की. पयल्या हाळीपासनं."

"मग ओ द्यायला काय झालं होतं?"

"धुक्यात मी जरा वाट चुकलो, म्हून गप बसलो व्हतो. तेवढ्यात तुमची हाळी आली." मांडीवरची काठी बाजूला ठेवत म्हणाले, "आमची ही असताना त्या काठावरनं अशीच हाळी घालायची. मी मेंढरं घिऊन पल्याड असायचो. पयल्या हाळीला मी कदीच ओ दिली न्हाई. दोन-तीन झाल्या का द्यायचो. तिलाबी म्हाईत व्हतं. लई शिव्या द्यायची." मग माझ्याकडं बघून हसले. "तुमीबी तशाच दिल्या राव. ती गेल्यापासनं कुणी हाळीच घातली न्हवती. म्हटलं, अजून एक यिऊ द्या."

माझा राग कुठल्या कुठं गेला. जिवंत होते, कोरडे होते, एवढंच खूप होतं.

काठावर आल्यावर त्यांनी आमचे तीन खडे पाण्यात टाकले. मी एक खडा उचलून त्यांच्या हातात दिला. "हा तुमचा."

"मेंढक्याला कुठं मेंढरात मोजत्यात व्हय?" असं म्हणाले, पण चहा ठेवायच्या आधी तोही टाकला.

आता खिशात चार खडे असतात. मासे पूर्वीइतकेच कमी मिळतात, कारण आता पाण्यावर ओरडणारे दोघं आहेत. माझी हाळी झाली, की टमाटू आणि टोपी वैतागून माझ्याकडं बघतात. पहिल्या हाळीला दादा अजूनही ओ देत नाहीत. मी दुसरी घालतो.