एक बरोबर जास्त

वॉर्निंगची मला भयंकर चीड आहे. बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहितोय; कॉम्प्युटरने माझ्या चुका काढलेल्या मला खपत नाहीत! म्हणून बाबांनी तरुणपणी सी भाषेत लिहिलेला मांजराचा गेम माझ्या लॅपटॉपवर चढवायची वेळ आली, तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

निमित्त आईचं. तिच्या मनगटाचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं लाटण्यासारखी ताठ! व्यायामाच्या रबरी चेंडूला ती हात लावेना. "यांचं मांजर आण, खेळते," म्हणाली. छपरांवरून उड्या मारणाऱ्या त्या मांजराची ती अजिंक्य खेळाडू!

गेम चालला, आई खेळली, बोटं हलू लागली. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण गेम चढवताना कॉम्प्युटरने एकशे चौदा वॉर्निंग दाखवल्या होत्या! दोन दिवसांत सगळ्या निकालात काढल्या. शेवटची तर कहरच होती. 'जीव शून्य आहेत का?' असं विचारायला दोन बरोबरचिन्हं लागतात. मांजर पडल्यावर तपासायच्या ओळीत बाबांनी 'जीव बरोबर तीन' असं, तेही एकाच चिन्हाने लिहिलं होतं. एकच चिन्ह असलं की कॉम्प्युटर काही विचारत नाही, मुकाट तीन जीव देऊन टाकतो! मी ती ओळ झोकात दुरुस्त केली: तीनच्या जागी शून्य आणि एक बरोबर जास्त.

संध्याकाळी मांजर तीनदा पडलं आणि पडद्यावर पाटी आली: 'खेळ खलास'.

"हरलीस की गं!" मी म्हणालो. माझंच तोंड!

"बरं," म्हणून आई उठली. दोन दिवस लॅपटॉपकडे फिरकली नाही. बोटं पुन्हा आखडली. मला फार वाईट वाटलं.

बाबांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "ती ओळ तू बदललीस?"

"चूक होती, बाबा!"

"गाढवा! लग्नानंतर पहिल्यांदा खेळली, हरली आणि रडली. म्हणून मुद्दाम लिहिलीय ती! आता तिला वाटत असेल, हातच गेला. पूर्ववत कर. आणि तिला कळता कामा नये!"

मी ओळ पूर्ववत केली आणि लॅपटॉप आईपुढे ठेवला. "आई, बिघाड होता. तुझा हात छान आहे."

"हाताचं काय घेऊन बसलास?" ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं हे मला मरू देत नव्हते. वाटलं, आता कंटाळले."

"अगं, ते मी केलं!"

"तू होय!" आईने लॅपटॉप पुढ्यात ओढला. "मग काही नाही. त्यांना सांगू नकोस हं, मला माहितेय म्हणून."

मांजर एकोणीस वेळा पडलं. दर वेळी शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "थोडक्यात हुकलं!" आणि दर वेळी आईने गंभीरपणे मान डोलावली. मध्ये बसून अडचण करतो म्हणून दोघांनी मला चहा टाकायला पिटाळलं.