हडळवाले अण्णा

ज्या खेळात एकही पोर किंकाळी फोडून आईच्या पदराआड घुसलं नाही, तो खेळ अण्णा पुराणिकांच्या मते पडला. "हसवायला काय लागतं? माकडसुद्धा हसवतं. घाबरवून दाखवा!" असं म्हणून ते तपकिरीची चिमूट ओढत.

अण्णा आणि मी इकडे उत्तरेतल्या एकाच कचेरीतले. नोकरीतून सुटल्यावर अण्णांनी कठपुतळ्या नाचवायला घेतल्या आणि मला ढोलकीवर बसवलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मानिक चौकामागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची लाकडी मंडळी. राजा, शिपाई, उंट पेटीत. हडळ मात्र खुंटीवर, दाराकडे तोंड करून. दूधवाला गल्लीतूनच ओरडे, "पुरानिक जी, पहले इसको ढको!" अण्णा खूश.

हडळीची करामत मानेत होती. झग्याच्या आत कापडी नळी चुरमडून ठेवलेली. एक दोरी ओढली की मान हातभर वर येई. अण्णा ती दोरी फार हळू ओढत. "भीतीला घाई चालत नाही, भैया." ढोलकी बंद, कंदील मंद, आणि मान वर, आणखी वर... सगळं ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा येई.

एकदा गरौठ्याजवळच्या एका गावात खेळ लागला. संध्याकाळ होती. मान वर गेली, पोरं किंचाळत पांगली. अण्णा पडद्यामागे गालात हसत होते. एवढ्यात एका म्हातारीचा आवाज आला, "मोरी बिटिया कितै गई?"

तिची नात मुन्नी सापडेना. माणसं नदीकडे धावली, मग विहिरीकडे. काठावर चिमुकली चप्पल पडलेली दिसली. एकजण दोर धरून आत उतरला. अण्णा विहिरीपासून दूर उभे, हडळ अजून हातातच. दुसऱ्या हातानं त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बोटं बधिर झाली. रामरक्षा म्हणत होते; पहिल्या ओळीपुढे जाता येईना.

विहिरीत काही नव्हतं. मुन्नी सापडली भुशाच्या कोठीत, गळ्यापर्यंत भुशात रुतून बसलेली. डोळे सताड उघडे. तोंडातून शब्द नाही.

पुढे कित्येक दिवस ती बोललीच नाही. अण्णांनी खेळ बंद केले. दर रविवारी बस धरून त्या गावी जाऊ लागले. मीही सोबत जाई. पहिल्यांदा म्हातारीनं दार अडवलं. "इतै न आओ, चुडैलवाले!" अण्णा अंगणाबाहेरच्या कडुनिंबाखाली बसून राहिले. पुढच्या रविवारीही. शेवटी म्हातारीनंच पाणी आणून दिलं.

मग एके दिवशी त्यांनी मुन्नीसमोर हडळ उकलली. मुंडकं वेगळं, झगा वेगळा, हात वेगळे. पोरगी खांबाआडून बघत होती. अण्णांनी ती पुन्हा जोडली आणि दोऱ्या अंगणात ठेवून लांब जाऊन बसले.

बऱ्याच वेळानं मुन्नी आली. तिनं दोरी ओढली. मान वर आली. अण्णा "बाप रे!" म्हणून असे पळाले की म्हशीच्या गव्हाणीला अडखळून उताणे पडले. धोतर एकीकडे, चष्मा एकीकडे. मी उठवायला धावलो, पण मुन्नी आधी पोचली.

"डराओ नईं, दद्दा," ती त्यांना धीर देत म्हणाली. आवाज घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. "लकरिया की है."

म्हातारी दारातच खाली बसली आणि रडू लागली. अण्णांनी चष्मा उचलला, पण डोळ्याला लावला नाही.

पोरगी आता शाळेत जाते, चुरूचुरू बोलते. तरी अण्णांची रविवारची बस चुकत नाही. परवा न राहवून विचारलं, "अण्णा, ती बरी झाली. आता कशाला हेलपाटे?"

ते गल्लीकडे बघत राहिले. दिवेलागण होत आली होती.

"मला घरात भीती वाटते रे," अण्णा म्हणाले. "फार वर्षं वाटते. ती एकटीच मला म्हणाली, भिऊ नका."